मणक्यातलं पाणी

डाव्या डोळ्याने लाल रंग विटलेला दिसायला लागला. उजव्याने कुंकू कुंकवासारखं, डाव्याने विटकरी. डोळा फिरवला की मागे ठणका. शरणपूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि थेट न्यूरॉलॉजिस्टकडे धाडलं. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत पांढरे ठिपके निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांचं आवरण खाते तो आजार, असा संशय होता. पक्कं करायला मणक्यातलं पाणी तपासायचं ठरलं.

घरात गहजब झाला. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, निफाडला आमच्या शेजारी झालंय," आत्याबाई म्हणाल्या. असा एक शेजारी प्रत्येकाच्या गावी असतोच. डॉक्टर चिडले नाहीत. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते, म्हणाले. मोठ्या माणसाच्या अंगात हे पाणी सुमारे 150 मिली असतं आणि दिवसाला साधारण 500 मिली नवं तयार होतं. त्यातलं थोडंसंच घ्यायचं. आत्याबाईंना हिशेब पटला नाही, पण त्या सोबत आल्या.

कुशीवर झोपवून गुडघे छातीशी घ्यायला लावले. भुलीचं इंजेक्शन झोंबलं, नंतर नुसता दाब. पाणी थेंबाथेंबाने नळीत पडत होतं, अगदी नितळ. लगेच दंडातून रक्तही घेतलं. "आता हे कशाला?" तर म्हणाले, दोन्ही जोडीनेच पाठवावं लागतं.

पेशी, प्रथिनं, साखर यांचा रिपोर्ट संध्याकाळी आला. आपल्याकडे मेंदूचा टीबी आधी बघावाच लागतो. तसं काही वाटलं नाही. दुसरा नमुना मुंबईला गेला. दरम्यान माझं डोकं असं धरलं की उठून बसले तरी कळ यायची आणि आडवं झालं की थांबायची. सुईनंतर काहींना होतं म्हणे. माझ्यापुरतं सांगते, सुईपेक्षा ते डोकं वाईट.

मुंबईच्या रिपोर्टात 'ऑलिगोक्लोनल बँड' होते: पाण्यात आहेत, रक्तात नाहीत. जोडीने पाठवण्याचं कारण तेव्हा उमगलं. या रेघा म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं. दोन्हीकडे सारख्या असत्या, तर ती रक्तातून झिरपली असं म्हणता आलं असतं. फक्त पाण्यात आहेत, म्हणजे दाह आतच चालू आहे. इतर आजारांतही त्या दिसतात, त्यामुळे ठिपके आणि डोळा बाजूला ठेवून एकट्या रेघांवर निदान होत नाही. पण 2017च्या मॅकडोनाल्ड निकषांनी एक सोय केली: पहिल्याच झटक्यात एमआरआयवर ठिपके ठरावीक जागी असतील आणि पाण्यात रेघा असतील, तर दुसऱ्या झटक्याची वाट बघत बसायला नको. माझं औषध म्हणूनच लवकर सुरू झालं.

औषध लागू पडतंय का बघायला पुन्हा पाणी काढणार का, विचारलं. नको म्हणाले, या रेघा सहसा आयुष्यभर राहतात. मज्जातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन सुटतं, ते रक्तातही मोजता येतं, पण वय-वजनाप्रमाणे आकडा हलतो. म्हणून भिस्त एमआरआयवर. पुढचा दिवाळीनंतर आहे, आणि आत्याबाईंनी सोबत यायचं आत्ताच ठरवून टाकलंय.