साइडपट्टीची ओळख

चाकणला आंबेठाण चौकातून आत वळून वराळे-भांबोलीकडे निघालं, की कंपन्यांच्या भिंती संपता संपता रस्त्यावरचा पांढरा पट्टाही संपतो. नेमका कुठे, ते सांगता येत नाही. आधी तो फिकट होतो, मग पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेल्या चराखाली जातो, थोडं पुढे पुन्हा दिसतो आणि शेवटी मुरमाच्या धुळीत हरवतो. गाडीला लेनमध्ये राहायला मदत करणारी यंत्रणा अशा ठिकाणी कशी वागते, हे तपासणं हा माझा पेशा.

आरशामागे काचेला बसवलेला कॅमेरा डांबराचा काळा आणि पट्ट्याचा पांढरा यांच्यातली सीमा सतत शोधत असतो. डावी-उजवी रेघ सापडली, की त्या पुढे कशा वळतात याचा अंदाज बांधतो. गाडी रेघेकडे सरकू लागली, की स्टीअरिंगची मोटर हलकासा पीळ देते. चालकाला तो कधीही मोडून काढता आला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ७९ मध्ये त्यासाठी ५० न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण पाच किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा जोर.

महामार्गावर हे सुरेख चालतं. तिथला थर्मोप्लास्टिकचा पट्टा २.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर पसरलेल्या काचेच्या मण्यांमुळे रात्री दिव्यात चमकतो. चाकणच्याच कारखान्यात बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही २०२१ साली अशी सोय घेऊन आली, तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या कित्येकांना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. मलाही झाला. पण गाडी जिथे बनते, तिथल्या फाट्यावरून आत शिरलं की तिच्यासारख्या कुठल्याही गाडीच्या कॅमेऱ्याला चकवा लागू शकतो. सकाळच्या तिरप्या उन्हात डांबरी ठिगळाची कड चकाकते आणि रेघेसारखी दिसते. रस्ता रुंद करताना खरवडलेल्या जुन्या पट्ट्याचा व्रण पावसात पुन्हा उठून दिसतो.

एक प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. दुपारी शिफ्ट सुटली होती. चाचणीची गाडी मी स्वतः चालवत होतो. डाव्या कडेने मोटारसायकलवर दोघं कामगार चालले होते. त्यांच्यापुढे खड्डा होता. तो चुकवायला ते उजवीकडे येणार, हे मला त्यांच्या खांद्यावरूनच कळलं. मी गाडी थोडी उजवीकडे घेतली, मधल्या अर्धवट पट्ट्यावर. इंडिकेटर दिला नाही. दिला असता तर यंत्रणा गप्प बसली असती. पण खड्ड्यासाठी, सायकलसाठी, कांद्याच्या ट्रॉलीसाठी दर मिनिटाला इंडिकेटर कोण देतो? नेमका तेवढाच तुकडा कॅमेऱ्याला स्पष्ट दिसला आणि स्टीअरिंगने मला डावीकडे, म्हणजे त्या दोघांकडे ढकललं. पीळ हलका होता, मी तो लगेच मोडला, काही झालं नाही. पण तळहातावरचा तो धक्का मला अजून आठवतो. यंत्राने नियमाप्रमाणेच केलं होतं. लेन सोडणारा माणूस पेंगलेला किंवा बेसावध असतो, हे त्याचं गृहीतक. आपल्या आतल्या रस्त्यांवर लेन सोडणारा माणूस बहुधा पूर्ण जागा असतो.

म्हणून पट्टा अजिबात नसलेल्या रस्त्याची मला तेवढी चिंता वाटत नाही. तिथे यंत्रणा झोपलेलीच असते, शिवाय बहुतेक गाड्यांत ती ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागी होते. भीती आहे ती येत-जात राहणाऱ्या पट्ट्याची. चालकाला वाटतं मदत आहे, आणि ती नसते. किंवा नाही असं वाटतं, आणि ती अचानक येते.

पट्टा नाही तर रस्त्याची कड ओळखा, असं मला सुचवलं जातं. हिरवळीला भिडलेल्या डांबराची कड कॅमेऱ्याला बरी कळते. आपल्याकडे मात्र डांबर आणि साइडपट्टी एकाच धुळीने रंगलेली असतात, आणि समोरून ट्रेलर आला की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवणं हेच शहाणपणाचं असतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या सुमारे दहा हजार चित्रांचा संच मांडला. डांबराबाहेरची, तरी वेळप्रसंगी गाडी जाऊ शकेल अशी जमीन, यासाठी त्यांनी त्यात वेगळा वर्ग ठेवला. ते वाचून मला फार बरं वाटलं. साइडपट्टीला कुणीतरी नाव दिलं होतं.

माझं मागणं दोन्हीकडे आहे. एमआयडीसीतल्या आणि गावांच्या रस्त्यांवर निदान कडेची पांढरी रेघ अखंड मारा. कॅमेऱ्याच्या आधी ती रात्रपाळीहून परतणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या उपयोगाची आहे. आणि गाडी बनवणाऱ्यांनी, खात्री कमी असताना स्टीअरिंगला हात लावू नये; मदत बंद होताना चालकाला नीट, वेळेवर सांगावं.

परवा भांबोलीच्या पुढे चाचणी घेताना नव्या मुलीने विचारलं, "सर, साडेचार किलोमीटर झाले, लेनचा दिवा एकदाही लागला नाही. नापास लिहू?" मी बाहेर पाहिलं. पट्टा नव्हता, डाव्या हाताला शाळेतून परतणारी पोरं होती. मी तिला 'पास' लिहायला सांगितलं.