घाट उतरताना

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांकडे सायकल असेल. सायकलचा ब्रेक दाबला, की एक तार ताणली जाते आणि रबराचे दोन ठोकळे चाकाला घट्ट धरतात. कधीतरी ही तार तुटते. मग तुम्ही काय करता? चप्पल जमिनीला घासत घासत सायकल थांबवता. घरी गेल्यावर त्या चपलेबद्दल अम्मी काय म्हणते, ते मी इथे लिहीत नाही.

मोटारीत मात्र चप्पल घासता येत नाही. मग मोटारीचा ब्रेक उतारावर निकामी झाला तर काय करायचे? हा प्रश्न डिसेंबर 2022 मध्ये औट्रम घाटात माझ्यासमोर उभा राहिला. गाडीत माझे वडील, पत्नी आणि दोन मुले होती.

त्या आधी गाडीविषयी सांगतो. माझ्या अब्बांचे गुडघे दुखतात. एस.टी.च्या उंच पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. आम्ही चाळीसगावला राहतो आणि माझी मोठी बहीण कन्नडला. अब्बांना वर्षातून चार वेळा तरी लेकीला भेटायचे असते. शिक्षकाच्या पगारात नवी मोठी गाडी कुठून येणार? म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये मी जीपसारखी उंच, सात माणसांची एक जुनी गाडी घेतली. ती 2013 साली बनलेली होती. पहिली आठ वर्षे ती कोकणात रत्नागिरीकडे होती, नंतर धुळ्याच्या एका गृहस्थांकडे आली. मी तिचा तिसरा मालक.

घेताना आम्ही घाई केली नाही. ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर नेले. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला, टायर पाहिले. जमिनीवर गोणपाट टाकून ते गाडीखालीही शिरले. खालचा सगळा भाग नुकताच काळ्या रंगाने रंगवलेला होता, अगदी चकचकीत. मग त्यांनी दहा किलोमीटर गाडी चालवून पाहिली. ब्रेक उत्तम लागत होता. कागदपत्रे पाहिली, मालकी बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकाचे नमुने भरले आणि गाडी घरी आली. मुलांनी तिला फुगे बांधले.

आता मोटारीचा ब्रेक कसा चालतो ते पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम वाचला असेल. ब्लेझ पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला, तर तो दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, असे त्याने दाखवून दिले. मोटारीत आपण पायाने पेडल दाबतो. त्याचा दाब मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातल्या तेलावर पडतो. तिथून तो बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. पायाचा जोर वाढवायला इंजिनाच्या मदतीने चालणारा एक बूस्टरही असतो. म्हणजे इथे तारेचे काम तेल करते. शाळेत हा नियम मी दरवर्षी दोन पिचकाऱ्या आणि एक रबरी नळी घेऊन शिकवतो. नळी निसटली की सगळे पाणी टेबलावर सांडते. मग दुसरी पिचकारी हलत नाही आणि वर्ग खो-खो हसतो.

औट्रम घाटात आमची नळी निसटली नव्हती. ती फुटली होती.

धुळे-सोलापूर रस्त्यावर कन्नड आणि चाळीसगाव यांच्या मध्ये हा घाट आहे. इंग्रजांच्या काळात खानदेशात जेम्स औट्रम नावाचा एक लष्करी अधिकारी होता, त्याचे नाव घाटाला मिळाले. लोक साधेपणाने कन्नडचा घाट म्हणतात. दोन्ही बाजूंना गौताळ्याचे जंगल आहे. कन्नडकडून येताना पठार संपते आणि समोर खानदेशचा सपाट मुलूख दिसू लागतो. आम्ही दुपारचे जेवण आपाकडे करून निघालो होतो. मुले मागे पेंगत होती. अब्बा माझ्या शेजारी बसले होते.

तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरत होती. वळणाच्या आधी मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय खाली गेला. रोज जिथे पेडल अडते तिथे ते अडलेच नाही. समोर एक लाल दिवा लागला. गाडीचा वेग कमी झाला, पण फार थोडा. पुढे कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक संथपणे उतरत होता. आमच्यात आणि त्याच्यात पन्नास-साठ पावलांचे अंतर असेल.

इथे मला माझ्या उस्तादांविषयी सांगायला हवे. मला मोटार चालवायला शिकवणारे गृहस्थ पूर्वी ट्रक चालवत असत. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात ते मला गाडी पळवायला लावत आणि मध्येच ओरडत, ‘‘समज, तुझा उजवा पाय नाही! थांबव गाडी!’’ पायाचा ब्रेक न लावता गाडी थांबवायची, हा त्यांचा धडा होता. आठ दिवस त्यांनी दुसरे काही शिकवले नाही. मला त्यांचा फार कंटाळा येई. घाटात मला तोच आवाज ऐकू आला.

मी पेडल भराभर तीन-चार वेळा दाबले. त्याने थोडा जोर आला. याचे कारण असे, की आताच्या गाड्यांत तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काही प्रमाणात चालू राहतो. आमच्या मागच्या चाकांकडे जाणारी नळी फुटली होती, पुढच्या चाकांचा मार्ग शाबूत होता. हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळत होते, की थोडा ब्रेक आहे आणि तो जपून वापरायचा आहे.

मग मी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला. इंजीन मोठ्याने ओरडले, मुले दचकून उठली आणि गाडी मागून कोणी खेचावी तशी हळू झाली. खालच्या गिअरमध्ये इंजीनच चाकांना अडवते. हा ब्रेक तापत नाही आणि त्याचे तेलही सांडत नाही. काही लोक डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात किंवा इंजीन बंद करतात. तसे केले, की इंजिनाचा हा मोठा आधार आपण आपल्या हातानेच तोडून टाकतो. इंजीन बंद झाले, तर एक-दोनदा दाबल्यावर बूस्टरची मदतही संपते. स्टिअरिंग जड होते ते वेगळेच.

हॉर्नवरचा हात मी काढला नाही. चारही दिवे लुकलुकत ठेवले. पत्नीने मुलांना घट्ट धरले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘आम्ही काय करू?’’ मी म्हणालो, ‘‘पट्टे बांधलेले राहू द्या.’’ अब्बा काहीच बोलले नाहीत. ट्रकवाल्याने आरशात पाहिले असावे. तो आणखी हळू न होता पुढे निघाला. त्याला धन्यवाद द्यायचे राहूनच गेले.

आता हातब्रेक. तो तेलावर चालत नाही. तुमच्या सायकलीसारखी त्याला तार असते आणि ती मागची चाके धरते. पण तो एकदम ओढला, तर मागची चाके जागच्या जागी अडकतात आणि गाडी आडवी फिरते. म्हणून टोकाचे बटण दाबून धरून मी तो हळूहळू ओढत गेलो. वळण पार झाले. तिथे डोंगर आमच्या डाव्या हाताला होता आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याचा उथळ चर होता. मी पहिला गिअर टाकला आणि डावी चाके त्या चरात उतरवली. खडी उडाली, दार दगडाला घासले आणि गाडी थांबली.

माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. अब्बांनीच ते सोडवले.

पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. एवढी उष्णता कुठून आली? हिशोब सोपा आहे. समजा, माणसांसह दोन टन वजनाची गाडी 200 मीटर उंची उतरली. तेवढ्यात सुमारे 40 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण 12 लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर जवळजवळ ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. ब्रेक फार तापला, की त्याची पकड सैल होते. आतले तेल जुने असले, तर त्याने हवेतले पाणी शोषलेले असते आणि ते लवकर उकळते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले, की पाय बुडबुड्यांना दाबत बसतो. म्हणजे नळी न फुटताही घाटात ब्रेक जाऊ शकतो.

एवढ्यात चाळीसगावकडून घाट चढणारी एस.टी. आमच्याजवळ थांबली. चालक आणि वाहक दोघेही उतरले. त्यांनी आधी चाकांपुढे दोन मोठे दगड लावले. आमच्या मागे वळणापाशी झाडाची एक फांदी ठेवली, म्हणजे वरून येणाऱ्यांना इशारा मिळेल. मी पाण्याची बाटली घेऊन तापलेल्या चाकाकडे निघालो, तसे चालक म्हणाले, ‘‘नको भाऊ, पाणी नका टाकू. तापलेलं लोखंड तडकतं. आपोआप निवू द्या.’’ मग खाली वाकून पाहत त्यांनी विचारले, ‘‘कितव्यात होता?’’

‘‘तिसऱ्यात. मग दुसऱ्यात आणला.’’

‘‘भरल्या गाडीला दुसराच बरा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आमच्याकडं नव्या पोरांना पहिलं हेच सांगतात.’’

पत्नी आणि मुले त्याच गाडीने परत कन्नडला गेली. अब्बा जायला तयार होईनात. मिस्त्रींना फोन करून आम्ही दोघे कठड्यावर बसलो. तिथे अब्बांनी मला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ते चाळीसगाव स्टेशनवर टांगा चालवत. टांग्याला कुठला आला ब्रेक? लगाम हा शब्द तुम्हाला वेगळा शिकवायला नको, उर्दूतही तो लगामच आहे. पण अब्बा म्हणाले, ‘‘उतारावर नुसता लगाम ओढून काही होत नाही. घोडा स्वतः मागे रेलतो, पाय रोवत उतरतो. तू गिअर टाकलास ना, तेव्हा ही गाडी तशीच मागे रेलली. मला वाटलं, हिला कळतंय.’’

संध्याकाळी मिस्त्री आले. मागच्या चाकांमधल्या दांड्यावरून जाणारी लोखंडी नळी त्यांनी बोटांनी चाचपली आणि नखाने रंग खरवडला. आत लोखंड उरलेच नव्हते, गंजाचे पापुद्रे होते. ‘‘समुद्राची हवा,’’ ते म्हणाले. खाऱ्या हवेत आठ वर्षे उभी राहिलेली गाडी खालून खाल्ली गेली होती आणि त्यावर कोणीतरी काळा रंग फासला होता. मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सर, रंगाने मला फसवलं.’’ त्यांनी फुटलेली नळी तर बदललीच, पण बाकीच्याही सगळ्या बदलल्या. नवे तेल घातले आणि मजुरी घ्यायला नकार दिला. मी ती दिली.

विकणाऱ्या गृहस्थांना मी फोन केला. विकण्याआधी गॅरेजवाल्याने ‘खालून रंगवून घ्या, भाव चांगला येईल’ असे सुचवले होते, असे त्यांनी सांगितले. खाली काय आहे ते त्यांनी पाहिलेच नव्हते म्हणे. ते खरे बोलत असतील. पण ज्या माणसाने ब्रश धरला, त्याने ती नळी नक्कीच पाहिली असणार. ती रंगवताना गंजाचे पापुद्रे त्याच्या ब्रशला लागले असतील.

शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मला सल्ला दिला, ‘‘गाडी अपशकुनी दिसते. गाजावाजा होण्याआधी विकून टाका. रंग तर छानच आहे!’’ ते थट्टेने बोलले असतील, पण मला हसू आले नाही. आम्ही मिस्त्रींकडून खालचा सगळा रंग खरवडून काढला. गाडी आता खालून कुरूप दिसते, पण कुठे काय आहे ते वाकून पाहता येते. तुमच्या घरी कधी जुनी गाडी घ्यायचे ठरले, तर वडिलांबरोबर तुम्हीही वाका आणि ताजा रंग दिसला तर तो कशावर लावला आहे, असे विचारा. गाडी कोणत्या गावात राहिली आहे, हेही विचारा.

फुटलेली नळी मी प्रयोगशाळेत ठेवली आहे. पिचकाऱ्यांचा प्रयोग झाला की ती वर्गात फिरते. परत येते तेव्हा तिच्यावरचा रंग दरवर्षी थोडा कमी झालेला असतो.

गाडी अजून आमच्याकडे आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा कन्नडला गेलो. परतताना घाटाच्या तोंडाशी अब्बांनी विचारले, ‘‘दुसरा टाकलास?’’

‘‘टाकला.’’

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि खिडकीची काच खाली घेतली.