चार मिनिटं, तीन मिनिटं, दोन मिनिटं

६ जानेवारी २०२५, सोमवार

इंग्रजी बोलण्याच्या वर्गाची नवी बॅच सुरू झाली. सोलापुरातल्या अशोक चौकाजवळची वरच्या मजल्यावरची खोली, खाली रात्री आठपर्यंत यंत्रमाग. आवाजाची मी तक्रार करत नाही. त्या खटखटाटावर आवाज चढवल्याशिवाय इथं कुणाचं ऐकूच जात नाही, त्यामुळं पुटपुटण्याची सोयच उरत नाही.

ओळख करून द्या, असं आज कुणालाच म्हटलं नाही. 'माय नेम इज'पासून निघालेली गाडी नाव, गाव, शिक्षण करत छंदापाशी येते आणि बंद पडते. पन्नाशीच्या कारखानदाराला छंद कुठला असणार? त्यापेक्षा विचारलं, झोपेतून उठवलं तरी समजावून सांगता येईल असं तुमचं काम कोणतं?

खोली एकदम जागी झाली. टॉवेलवाले अण्णा म्हणाले, जीएसएम काढणं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, पेशंटला इन्सुलिन स्वतः टोचायला शिकवणं. गणवेश शिवून घेणाऱ्या अक्का म्हणाल्या, शाळेत जाऊन मापं घेणं. मोहोळचा डाळिंबवाला हस्त बहारावर आला. झेडपीचे गुरुजी मात्र विचारात पडले. शेवटी म्हणाले, "मला पोरांना गप्प बसवता येतं, सर."

विषय ठरले. महिनाभर प्रत्येकानं एकाच विषयावर बोलायचं. अण्णांना हे पटलं नाही. "रोज तेच बोललं तर इंग्लिश वाढणार कसं?"

८ जानेवारी, बुधवार

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर आज करूनच दाखवलं. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये एका सरावाचा अभ्यास मांडला होता. पद्धत त्यांच्या आधीची, प्रसिद्धी मात्र बरीचशी त्यांच्यामुळं. एकाच विषयावर चार मिनिटं बोलायचं. मग ऐकणारा बदलायचा आणि तेच तीन मिनिटांत सांगायचं. पुन्हा बदलायचा, दोन मिनिटांत. इतकंच. पाठांतर नाही, चुका काढणं नाही.

अण्णांची पहिली फेरी सिस्टरांसमोर. दीड मिनिटात गाडं थांबलं. टॉवेलचा गोल तुकडा कापतात, शंभर चौरस सेंटिमीटरचा, तो वजन करतात, ग्रॅमला शंभरनं गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, निघतो. चार ग्रॅम भरला तर चारशे. हे अण्णा हातानं करून दाखवत होते, तोंडातून फक्त 'देन, देन' येत होतं. दुसऱ्या फेरीत, गुरुजींसमोर, 'वी कट अ राउंड पीस' हे वाक्य आपोआप आलं. तिसऱ्या फेरीला डाळिंबवाला समोर होता. त्यानं मध्येच विचारलं, "व्हाय राउंड?" आणि अण्णा थांबले नाहीत. चौकोनी तुकड्याच्या कडा सरळ कापल्या जात नाहीत, वजन चुकतं, हे त्यांनी मोडक्यातोडक्या पण पुऱ्या वाक्यांत सांगून टाकलं.

ऐकणारा दर वेळी नवा का, ते इथं कळतं. त्याच माणसाला पुन्हा सांगायचं तर आपण अर्धं गाळतो, त्याला माहीतच आहे म्हणून. आणि मिनिटं का कमी करायची? काय सांगायचं ते एव्हाना डोक्यात लागलेलं असतं, उरलेला सगळा जोर बोलण्यावर देता येतो. नवा विषय दिला की दोन्ही ओझी एकदम येतात आणि माणूस मराठीत विचार, इंग्रजीत भाषांतर, पुन्हा तपासणी या फेऱ्यांत अडकतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना ही सवय फार जुनी आहे. पाठमालेनं लिहिणारी माणसं घडवली, तिचं ऋण मान्यच. बोलायला मात्र दुसरी वाट लागते.

१० जानेवारी, शुक्रवार

उच्चारांचा दिवस. 'टीएच'चा उच्चार येत नाही म्हणून अक्का कानकोंड्या होतात. त्यांना सांगितलं, सोडा. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासकबाईंनी २००० साली एक पुस्तक लिहिलं. इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यात नेमका कशानं घोटाळा होतो, ते त्यांनी तपासलं. 'टीएच' त्यांनी सरळ वगळला. तिथं आपला थ आणि द चालतो, कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते स्वरांच्या लांबीवर. आणि आपण तर ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यापुरतंच ठेवलेलं आहे. बोलताना 'पाणि' म्हटलं काय नि 'पाणी' काय, तहान भागते. इंग्रजीत भागत नाही. चादरींच्या या गावात तर मुळीच नाही: बेडशीटमधली 'शी' आखूड झाली की परदेशी बायरच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते अण्णांनी एका प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. त्याचं कारण त्यांना आज समजलं. खोलीभर हशा. सर्वात मोठ्यानं अण्णाच हसले, मग म्हणाले, "आता प्रत्येक शीट ओढून ओढून म्हणतो बघा."

दुसरी गोष्ट म्हणजे वाक्यात जोर कुठं द्यायचा. 'फोर हंड्रेड' की 'फाइव्ह हंड्रेड', आकड्यावर जोर हवा. आपण सगळे शब्द एका पातळीत, सारख्या वेगानं सोडतो आणि ऐकणाऱ्याला नेमका आकडा वेचून घ्यावा लागतो. यावर बराच वेळ घालवला. पुढच्या बॅचला याहून जास्त घालवीन.

जाता जाता गुरुजींनी हिशेब मांडला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्यांच्या वर्गातलं पोर सहाव्या वर्षी ए-बी-सी-डी गिरवतं, ते स्वतः पाचवीत गेल्यावर गिरवायला लागले. "म्हंजे पोरं माझ्या पुढं चार वर्षं."

१३ जानेवारी, सोमवार

आज तास नाही. ग्रामदैवताची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यातला अक्षता सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, तळ्याकाठी संमती कट्ट्याभोवती मुंगीलाही वाट नाही. संमतीचं वाचन कन्नडमध्ये. भोवतीच्या गर्दीत मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारे. अक्षता टाकायचा क्षण कुणाचाही चुकत नाही.

इतक्या लोकांसमोर उभं राहून वाचणाऱ्याचा आवाज मी लक्ष देऊन ऐकला. शब्द ठरलेले, थांबे ठरलेले. घाई नाही. बोलण्याचे वर्ग काढणाऱ्यांनी वर्षातून एकदा इथं येऊन उभं राहावं.

१७ जानेवारी, शुक्रवार

यात्रेची भूल उतरली नव्हती म्हणून तिचाच विषय दिला. सोलापूर कधी न पाहिलेल्या माणसाला नंदीध्वज समजावून सांगा.

चौघांनी सुरुवात 'व्हेरी फेमस', 'व्हेरी ग्रेट', 'व्हेरी एन्शंट' अशी केली. ऐकणारा पुढच्या मिनिटाला विसरेल. मग अक्का उठल्या. त्यांचा भाचा नंदीध्वज पेलतो. त्यांनी सांगितलं, उंच वेळू असतो, एकानं कमरेला पट्टा बांधून तो तोलायचा, बाकीचे बाजूनं हात देतात, आणि पोरं महिनाभर आधी रात्री सराव करतात. काळ चुकले, एका वाक्यात 'ही' आणि 'शी' दोन्ही आले. पण सिस्टर एकदम पुढं झुकल्या आणि विचारलं, "इफ इट फॉल्स?"

प्रेझेंटेशन म्हणजे काय ते सांगायला मला आज याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. हाताला लागणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करा, मोठेपण नंतर येतं. ऐकणाऱ्यानं प्रश्न विचारला की तुमचं निम्मं काम झालं.

गुरुजींनी पीपीटी आणली होती. प्रत्येक स्लाइडवर अख्खा निबंध. पडद्याकडं तोंड करून वाचायला लागले तेव्हा लॅपटॉप बंद केला. नाराज झाले. पण वर्गात फळ्याकडं तोंड करून शिकवणाऱ्या मास्तराचं पोरं काय करतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी चौघांना घेऊन भैय्या चौकात गेलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. सोलापुरात राहून यांतल्या दोघांनी ते आतून पाहिलेलं नव्हतं.

माझा हेतू वेगळा होता. कोटणीस १९१० चे. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होत होते आणि त्यांना चिनी येत नव्हतं. युद्ध चालू, जखमींची रांग, शिकवणी लावायला फुरसत कुणाला? तरी ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय बत्तीस.

आपण त्यांच्याकडं देशसेवक म्हणूनच पाहतो आणि ते योग्यच आहे. मी पाहतो ते एक प्रौढ शिकाऊ म्हणून. वय झालं, आता जीभ वळत नाही, ही तक्रार मला दर बॅचला ऐकावी लागते. कोटणीसांना जे शब्द आले ते जखम, रक्त, पट्टी, दुखतंय का, असेच आधी आले असणार, हा माझा अंदाज. आपल्या इन्सुलिनवाल्या सिस्टरांचंही तेच चाललंय: पिंच द स्किन, काउंट टू टेन, देन टेक आउट द नीडल. हे त्या आता अडखळल्याशिवाय म्हणतात. 'माय हॉबी इज'वर अजून अडतात.

२२ जानेवारी, बुधवार

१९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावात राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला. तिथले दोन रिवाज मी उचलले आहेत. एक, वेळेचे हिरवा, पिवळा, लाल दिवे. आमच्याकडं दिवे नाहीत. अण्णांनी कारखान्यातून तीन रंगांचे नॅपकिन आणले. लाल नॅपकिन उभा राहिला की बोलणं आवरतं घ्यायचं. दुसरा, 'अं' आणि 'आ' मोजणारा माणूस. आज ते काम डाळिंबवाल्याकडं होतं. इंग्रजी 'अं' फारसे निघालेच नाहीत. 'म्हंजे' आणि 'ॲक्च्युली' यांनी वहीचं पान भरलं.

तास संपल्यावर अण्णा थांबले. घरात तेलुगू, बाजारात मराठी, विजयपूरच्या व्यापाऱ्यांशी कन्नड, कामगारांशी हिंदी. यांतली कुठली ते वर्गात जाऊन शिकले? "कन्नड कसं आलं अण्णा?" विचारलं. "चुकत चुकत. ते लोक हसायचे. मीबी हसायचो."

"मग इंग्लिशला काय झालं?"

"इंग्लिश चुकलं की बायर हसत नाही सर. आपलीच माणसं हसतात."

हेच मला कितीतरी दिवस नेमकं म्हणता येत नव्हतं. रिक्षांच्या मागं 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या जाहिराती दिसतात. त्या विकतात ते याच हसण्याचं औषध. फाडफाड म्हणजे वेग. वेगानं बोललं की कुणी चूक पकडणार नाही, ही आशा. मी उलटं सांगतो, सावकाश बोला. लोकांना ते शिकवल्यासारखं वाटत नाही, त्यामुळं माझी बॅच लहानच राहते. चालायचंच.

२७ जानेवारी, सोमवार

गुरुजींना आज सर्वांसमोर बोलायचं होतं आणि ते सकाळपासून धास्तावलेले. विषय त्यांनीच शेवटी बदलला: आपल्याच जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची झेडपी शाळा. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम. ३ डिसेंबर २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज. बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातलं निम्मं अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकलं.

क्यूआर कोड म्हणजे काय हे पहिल्या फेरीत त्यांनी इतकं लांबवलं की लाल नॅपकिन दोनदा वर आला. दुसऱ्या फेरीत त्यांनी अक्कांच्या हातात पाचवीचं पुस्तक आणि मोबाइल दिला आणि म्हणाले, "स्कॅन." चित्र दिसलं, आवाज आला. "दॅट इज इट," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले. दोन मिनिटंही झाली नव्हती. हिरवा नॅपकिनसुद्धा निघायचा होता.

सिस्टरांनी विचारलं, निम्मं बक्षीस का वाटलं? गुरुजी पुन्हा उठले आणि तयारी नसलेलं उत्तर इंग्रजीत दिलं. जमलं. खाली बसताना त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

अण्णांचा दुबईच्या बायरशी व्हिडिओ कॉल, दुपारी चारला, कारखान्यातच. मला बाजूला बसू दिलं, बोलायचं नाही या अटीवर. मुलगा कागद घेऊन तयार होता, अडलं तर सांभाळायला. अण्णांनी त्याला चहा आणायला पाठवलं.

त्यांनी टॉवेलचा गोल तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, काट्यावर ठेवला, आकडा दाखवला. 'फोर पॉइंट फाइव्ह. सो, फोर फिफ्टी जीएसएम.' फिफ्टीवर जोर. समोरचा मल्याळी होता, त्याचंही इंग्रजी आमच्यासारखंच घरचं नव्हतं. दोघांचं बरं जुळलं. धुतल्यावर किती आटतो, रंग जातो का, मालाला किती दिवस लागतील, सगळं झालं. एका ठिकाणी अण्णा अडले, तेव्हा 'वन मिनिट' म्हणाले, खरोखरच थोडे थांबले आणि मग बोलले.

दरावर मात्र गाडी अडली. तो पाकिस्तानी टॉवेलचा भाव सांगत होता, अण्णा सुताचा भाव सांगत होते. यात इंग्रजीचा काही संबंध नाही, तेलुगूतही हेच झालं असतं. शेवटी त्यानं तीन रंगांचे नमुने कुरिअरनं मागवले.

कॉल संपल्यावर अण्णा मुलाला म्हणाले, खर्च कुरिअरचा त्याच्याकडून घ्यायचा, मेल लिही. मुलानं लिहिलेला मेल अण्णांनी वाचला आणि दोन ठिकाणी 'काइंडली' खोडला.