कात्री

दसऱ्याच्या सुमारास रत्नागिरीला घरी होतो. हापूसच्या तरण्या कलमांना तांबूस पालवी फुटली होती आणि रोज सकाळी ती खाली पडलेली दिसायची. देठाजवळ सरळ कापलेली, कात्रीने कापावी तशी. बाबांचा संशय शेजारच्या पोरावर. ओरडलेही त्याला.

मी पडलेलं पान भिंगाखाली धरलं. मधल्या शिरेत बारीक भोकं. मग कलमापाशी बसून राहिलो, तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा, लांब सोंडेचा भुंगेरा दिसला. पिवळसर पाठ, गडद किनार. डेपोरॉस मार्जिनेटस, मार्जिनेटस म्हणजेच किनारवाला. हा कोवळ्या पानाचा पापुद्रा खरवडून खातो. मादी शिरेत अंडी घालते आणि मग पानच कापून टाकते. अळ्या पडलेल्या पानात वाढतात, नंतर मातीत शिरून कोष करतात. म्हणजे फवाऱ्याआधी झाडू हवा: पडलेली पानं रोज गोळा करून जाळायची. (डीबगिंगचा पगार घेणारा मी आठवडाभर फांद्याच बघत होतो.)

संध्याकाळी बाबा दोन पानं आणि भिंग घेऊन शेजारी गेले. 'चुकलं' काही म्हणाले नाहीत. पोराने मात्र भिंगातून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काका, एक पान कापायला ह्याला किती वेळ लागतो?"