कर्णाची मांडी

मराठी माणसाने मांडीवर मोठा लोभ केला आहे. आपण जेवायला बसतो ते मांडी घालून, गप्पा मारतो त्या मांडीला मांडी लावून, आणि लेकरू निजवतो तेही मांडीवरच. आमची देवळी तर कुस्तीचा षौक असलेले गाव. शड्डू घुमला की येथली लहान पोरेसुद्धा आपल्या काटकुळ्या मांडीवर थाप मारून पाहतात. पण या एवढ्या लाडक्या अवयवाला काही दुखलेखुपले तर ते बोलायची मात्र सोय नाही. गुडघा दुखतो हे बाई चारचौघींत सांगू शकते. कंबर तर सगळ्यांचीच दुखते. मांडीचे नाव काढले की पदर तोंडाशी जातात. ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत त्यांचा खर्च मात्र कुणाला तरी भरावाच लागतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते आहे.

वयाच्या पंचेचाळिशीत माझे वजन १२१ किलो होते. मधुमेह जडला होता, आणि शाळेच्या चार पायऱ्या चढताना मुख्याध्यापकांच्या खोलीपाशी थांबून मला दम खावा लागे. २०२२ च्या जानेवारीत नागपूरला माझ्या जठराची शस्त्रक्रिया झाली. जठराचा बराचसा भाग काढून त्याची केळ्याएवढी नळी करतात, ती. दीड वर्षात वजन ६९ किलोवर आले, साखरेच्या गोळ्या सुटल्या, आणि वर्ध्याच्या बसस्थानकावर माझी एक जुनी मैत्रीण मला न ओळखता माझ्या शेजारून निघून गेली. बाईच्या जातीला याहून मोठे सुख कोणते?

येथवर सगळे कौतुकाचे. पण या गोष्टीचे पुढचे पान कुणी वाचून दाखवत नाही. उशीतला निम्मा कापूस काढून घेतला तरी खोळ होती तेवढीच राहते. कातडीचेही तसेच. कातडीच्या आत ताण धरणारे धागे असतात. ते वर्षानुवर्षे ताणले गेले की त्यांची परत आखडण्याची शक्ती जाते. चरबी गेली, पण तिच्या मापाने शिवलेली कातडी दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला पडद्यासारखी लोंबत राहिली. चालताना एक पडदा दुसऱ्यावर घासे. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. घाम, घर्षण आणि दमट घडी. मग ती जागा सोलवटते, बुरशी धरते, आग आग होते. मलम लावावे, पावडर टाकावी, आत घट्ट चड्डी घालावी, आठ दिवस बरे वाटावे आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. पोटाची सैल कातडी साडीच्या निऱ्यांत बांधून घेता येते. मांड्यांच्या बाबतीत साडीही हात टेकते.

मालिश झाली, व्यायाम झाला. व्यायामाने स्नायू भरतो. कातडी आखडत नाही. चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिने चरबी जाते, खोळ उरतेच. उरलेली कातडी कापून, कडा ओढून शिवणे हाच उपाय आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. याला मांडी उचलण्याची शस्त्रक्रिया म्हणतात.

घरी सांगितले तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अवं, वजन उतरलं न तुयं? मंग आता काहून कापाकुपी? मांडी कोन पाहून राहिलं तुयी?” यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले नाही, पण पानही उलटले नाही. मुलाच्या वसतिगृहाची फी त्याच महिन्यात भरायची होती. जी जागा देवाशिवाय कुणाला दिसत नाही, तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून दोन-अडीच लाख काढायचे, हा नखरा की गरज? हा प्रश्न घरातल्यांनी विचारण्याआधी मीच स्वतःला शंभरदा विचारला होता.

त्याच सुमारास पाचवीच्या वर्गात महाभारतातल्या गोष्टी सांगत होते. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून निजले आहेत, किडा मांडी पोखरतो आहे, आणि गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हूं की चूं करीत नाही. लहानपणापासून ही गोष्ट आपण सहनशीलतेचा धडा म्हणून ऐकत आलो. त्या दिवशी सांगताना मला तिचा शेवट टोचला. एवढे सोसून कर्णाला मिळाले काय? शाबासकी नव्हे, शाप! रक्ताने गुरू जागे झाले ते झालेच. घराची झोप मोडू नये म्हणून मुकाट्याने सोसणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांच्याही पदरात शाबासकी पडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

शेवटी एका दुपारी दार लोटून घेतले आणि सासूबाईंना ती जागा दाखवली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “येवढं होतं, तं इतके दिवस सांगतलं काहून नाही वं?” वाद तेथेच संपला.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की आपल्याला सिनेनट्यांची नाके आठवतात. पण ही विद्या नखऱ्यापोटी जन्मली नाही. सुश्रुताचे नाव आपण अभिमानाने घेतोच. त्याहून जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात एका कुंभार वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगेझीनमध्ये छापून आली. पुढे १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांत त्याची गणना होते. मांडीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन अमेरिकेत लुइस नावाच्या शल्यविशारदाने १९५७ मध्ये केले. तिच्यात एक मोठा दोष असे. वर ओढलेली कातडी नुसत्या कातडीलाच शिवल्यामुळे भाराने व्रण खाली सरके. १९८८ मध्ये लॉकवुड यांनी आतला थर जांघेतल्या मजबूत पडद्याला बांधण्याची रीत सांगितली. पडदा भिंतीच्या पोपड्याला न टांगता खिळ्याला टांगावा, तशी ही सुधारणा.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगते. पहिल्या भेटीत डॉक्टर सुरी काढत नाहीत, वही काढतात. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर हवे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष तरी थांबावे लागते. मध्येच कापले आणि वजन आणखी उतरले, तर कातडी पुन्हा सैल होते. वाढले, तर शिवण ताणते. मग रक्ताच्या तपासण्या. जठर लहान झालेल्या माणसाच्या अंगात लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची चणचण असते, आणि प्रथिनांवाचून जखम भरत नाही. माझे हिमोग्लोबिन कमी निघाले, म्हणून तीन महिने औषध आणि डाळ-अंडी-पनीर यांची तालीम झाली. तंबाखू निदान महिना-दीड महिना आधीपासून बंद हवी, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीच्या कडा काळ्या पडू शकतात. हे ऐकून शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी खिशातली खर्ऱ्याची पुडी अशी काही घट्ट धरली, की जणू डॉक्टर तीच कापणार होते! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यात. आपल्या मनाने बंद करू नयेत.

चीर कोठे पडणार हे कातडी किती सैल आहे त्यावर ठरते. थोडकी असेल तर जांघेच्या घडीतली चीर पुरते. पन्नास किलो उतरलेल्या माझ्यासारखीला जांघेपासून थेट गुडघ्यापर्यंत आतून उभी चीर लागते. डॉक्टरांनी उभे करून शाईने रेघा ओढल्या आणि स्पष्ट सांगितले, “ताई, कातडी जाईल आणि तिच्या जागी व्रण येईल. हा सौदा आहे. तो पटत असेल तरच पुढे जाऊ.” एवढे सरळ बोलणारा दुकानदार मला साड्यांच्या दुकानात अजून भेटायचा आहे.

महिना मुद्दाम डिसेंबरचा निवडला. शस्त्रक्रियेनंतर कमरेपासून खाली घट्ट दाबाचा पोशाख चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालावा लागतो. आमच्या उन्हाळ्यात ते म्हणजे जिवंतपणी वाफवून घेणे! पूर्ण भूल देऊन साधारण तीन तास काम चालले. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही बाजूंना साचणारे पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या होत्या. दुखणे होते, पण औषधाने आटोक्यात राहणारे. ताण मात्र विलक्षण, जणू दुसऱ्या कुणाच्या मापाची कातडी अंगावर चढवली आहे. संध्याकाळीच नर्सबाईंनी उभे करून चालवले. हा दुष्टावा नव्हे. पडून राहिले तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकच पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नये. ताप, वाढती लाली, पू हीसुद्धा ताबडतोब दाखवण्याची लक्षणे.

आपल्या घरांतली खरी अडचण पुस्तकांत फारशी नसते. सहा आठवडे मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. म्हणजे जमिनीवरचे जेवण गेले, पूजा गेली, आणि देशी पद्धतीचा संडासही गेला. यांनी वर्ध्याहून कमोडची खुर्ची आणली ती गोणपाटात गुंडाळून, जणू चोरीचा माल! आधी तिची व्यवस्था करा, मग शस्त्रक्रियेची तारीख घ्या. पंधरा दिवस तरी घरात दुसरे माणूस हवे. शाळेत मी पाचव्या आठवड्यात गेले. जड उचलणे आणि स्कूटर त्यानंतरच.

बाराव्या दिवशी उजव्या जांघेपाशी, आडवी आणि उभी चीर मिळते तेथे, रुपयाएवढी जखम उघडली. माझा धीर सुटला. डॉक्टर मात्र शांत होते. ती जागा दमट, ताणाची आणि सतत हलणारी. प्रचंड वजन उतरलेल्यांच्या या शस्त्रक्रियेत काही ना काही लहानमोठी अडचण चाळीस टक्क्यांच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहूनही अधिक लोकांना येते. जखम थोडी उघडणे, आत पाणी साचणे, पायांवर सूज राहणे, कातडीला काही महिने बधिरपणा. बहुतेक वेळा नुसत्या ड्रेसिंगने निभावते, क्वचित पुन्हा टाके पडतात. माझी जखम ड्रेसिंगवरच पाच आठवड्यांत भरली. ते ड्रेसिंग रोज करीत होत्या सासूबाई, डोळ्यांवर चष्मा चढवून, पापड लाटण्याच्या एकाग्रतेने.

खर्चाचे म्हणाल तर विम्याच्या भरवशावर राहू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या समान अटींनुसार सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येते. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठीचे आवश्यक उपचार, एवढेच अपवाद, आणि या शेवटच्या कारणासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. माझा अर्ज नामंजूर झाला. तरीही चट्ट्यांची छायाचित्रे आणि त्वचारोगतज्ज्ञांचे कागद जपून ठेवावेत आणि आधी लेखी विचारावे.

मिळाले काय? मांड्या चित्रातल्यासारख्या झाल्या नाहीत. दोन लांब व्रण आहेत. वर्षभर ते लाल, उंचवट्याचे आणि खाजरे होते. आता फिकट झाले आहेत, पण ते पुसले जाणार नाहीत. वजनही दीड-दोन किलोंहून जास्त घटले नाही. वजन उतरवण्याची ही रीतच नव्हे. नवऱ्याला आवडावे, मुलीचे लग्न जमावे, आरशाने कौतुक करावे, एवढ्यासाठी कुणी जात असेल तर तिने आणखी विचार करावा. ज्यांचे चट्टे पावडरीने आणि साध्या काळजीने ताब्यात राहतात, त्यांनी तर सुरीखाली जाऊच नये.

पण २०२४ चा वैशाख आला तेव्हा मी शाळेच्या प्रवेशाच्या यादीसाठी गावभर पायी हिंडले, आणि घरी आल्यावर पाय फाकवून पंख्याखाली बसले नाही. एवढेच. गेल्या महिन्यात शेजारची एक सून, वर्षभरात पुष्कळ बारीक झालेली, ओट्यावर गहू निवडता निवडता सासूबाईंपाशी घुटमळत होती. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि तिला म्हणाल्या, “बोल न वं. लाजतं कायले? आमच्या घरी समदं बोलतेत.”