खनिजाच्या वाटेतलं गाव

स्वीडनमधल्या किरुना गावाचं चर्च १९१२ साली जिथे बांधलं, तिथे आता ते नाही. ऑगस्ट २०२५मध्ये ६७२ टनांची ही लाल लाकडी वास्तू अखंड उचलली, चाकांच्या लांबलचक रांगांवर ठेवली आणि ताशी जेमतेम अर्धा किलोमीटर वेगाने दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेऊन टेकवली. त्यासाठी रस्ता मुद्दाम रुंद केला होता. स्वीडनचे राजे सोहळ्याला हजर होते आणि बाकीचा देश टीव्हीसमोर. देवळं आपल्याकडेही हलली आहेत. गोव्यात साळावली धरणासाठी कुर्डीचं महादेवाचं देऊळ दगड दगड सोडवून दुसरीकडे उभं केलं. पण तिथे पाणी चढत होतं. इथे जमीन खचते आहे, आणि ती का खचते हे शाळेतलं पोरही सांगतं.

मी गेलो तो डिसेंबरात. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला असलेल्या या गावात त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. दुपारी बाराला आभाळ निळसर उजळतं आणि दोनच्या आत विझतं. त्या उजेडात समोर किरुनावारा डोंगर दिसतो, म्हणजे त्याचं जे काही उरलं आहे ते. माथा कधीच कापून नेलेला, अंगावर पायऱ्या पाडलेल्या, बाजूला धुराडी.

खाली जे आहे त्याचा आकार डोक्यात बसायला मला वेळ लागला. लोखंडाच्या खनिजाचा एकच सलग थर, सुमारे चार किलोमीटर लांब, सरासरी ऐंशी मीटर जाड, भिंतीला तिरकी टेकवलेली फळी असावी तसा, आणि तिचा खालचा पाय गावाच्या पोटात शिरलेला. दोन किलोमीटर खोलीपर्यंत तो आहेच. पूर्वी वरून खणत, १९६०च्या दशकापासून सगळं काम भुयारात. खालून सुरुंग लावून खनिज काढायचं आणि पोकळीत वरचा खडक आपोआप ढासळू द्यायचा, ही इथली रीत. ढासळण्याचे तडे तिरके वर चढतात आणि गावाखाली निघतात. जितकं खोल जाल तितके तडे गावात पुढे सरकतात. खाणीची वाहतुकीची मुख्य पातळी आता १,३६५ मीटरवर आहे. सुरुंग रात्री दीडच्या सुमारास उडवतात. माझ्या खोलीतल्या खिडकीची काच हलकेच किणकिणली, इतकंच. शेजारच्या खोलीतले घोरणारे गृहस्थ घोरतच राहिले.

खाण बघायला चक्क बसने जातात. डोंगराच्या पोटात शिरलेला डांबरी रस्ता, दिवे, पाट्या, वळणावर आरसे. असे चारशे किलोमीटरहून जास्त रस्ते खाली आहेत. ५४० मीटर खोल उतरून माणूस कॉफी पितो. मी ज्या भागातला, तिथे रेडीची खाण आहे आणि पलीकडे डिचोलीची. मायनिंग म्हटलं की मला लाल धूळ आठवते: ट्रकवर, माडाच्या झावळ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. इथे हातात दिलेला खडा काळा होता आणि लोहचुंबकाला टपकन चिकटला. मॅग्नेटाइट. त्यात साठ टक्क्यांहून जास्त लोखंड.

इतकं श्रीमंत खनिज, आणि तरी ते शतकानुशतकं कुणी हुंगलं नाही. एक तर जागा आडवळणाची. दुसरं, खनिजात फॉस्फरस. त्याचं पोलाद थंडीत काचेसारखं तडकायचं. यावर उतारा काढला तो लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने. दिवसा समन्सं लिहायची आणि उरल्या वेळात रसायनशास्त्र. त्याचा चुलतभाऊ पर्सी वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्या दोघांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं, की भट्टीला आतून क्षारधर्मी विटांचं अस्तर दिलं आणि चुनखडी टाकली, तर फॉस्फरस मळीत उतरतो. ती मळी दळून जर्मन शेतकऱ्यांनी शेतात खत म्हणून पसरली. आर्क्टिक वृत्तापलीकडच्या डोंगराचं भाग्य असं एका कारकुनाने उघडलं. मला तरी हा सगळ्या प्रवासातला सर्वांत नवलाचा भाग वाटला, चर्चपेक्षाही. खाणकंपनी एलकेएबी १८९०ची, गाव १९००चं. आधी खनिजाला गिऱ्हाईक मिळालं, मग खनिजाला गाव.

मग रेल्वे. बाल्टिक समुद्राचा उत्तरेकडचा भाग हिवाळ्यात गोठतो, म्हणून डोंगर ओलांडून नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंत रूळ टाकले, कारण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ते बंदर कधीच गोठत नाही. १९४० साली हिटलरची नजर नार्विकवर होती ती याच खनिजापायी. आज एकेका गाडीला ६८ वाघिणी आणि एकेका वाघिणीत शंभर टन. माल मातीसारखा नव्हे, भाजून केलेल्या काळ्या गोळ्यांच्या रूपात. या पेलेट भट्टीत सरळ घालता येतात. सीमेपासून बंदरापर्यंत उतार इतका, की भरलेली गाडी ब्रेक लावता लावता वीज तयार करते आणि त्या विजेवर रिकामी गाडी पुन्हा सीमेपर्यंत चढते. दुसरी वाट पूर्वेला लुलेओच्या पोलाद कारखान्याकडे जाते. युरोपीय संघात निघणाऱ्या लोहखनिजातलं सुमारे ऐंशी टक्के याच एका सरकारी कंपनीचं. पॅरिसमधल्या पुलाखाली किंवा जर्मनीतल्या मोटारीत बसलेल्या माणसाला त्याची गंधवार्ता नसते.

गाव हलवायचं हे कंपनीने २००४ साली सांगितलं. नवं केंद्र तीन किलोमीटर पूर्वेला, २०२२मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जुन्या नगरभवनाचा लोखंडी घड्याळमनोरा तेवढा आणून चौकात उभा केला आहे. चौक देखणा आहे, पण वारा हाडं फोडतो. जुनं गाव उतारावर वसवलं होतं, वारा अडावा म्हणून रस्ते मुद्दाम वाकडे ठेवले होते. १९००च्या नगररचनाकाराला थंडी कळत होती. नव्या गावाचे रस्ते सरळसोट आणि जागा सखल, जिथे गार हवा साठते. घर सोडणाऱ्याला बाजारभावावर पंचवीस टक्के जास्त किंवा बदली घर मिळतं. कागदावर हा व्यवहार आपल्याकडच्या कुठल्याही धरणग्रस्ताला हेवा वाटावा असा. तरी नव्या घराचं भाडं परवडत नाही, ही कुरकुर मी कॉफीच्या प्रत्येक टेबलावर ऐकली. खाणीविरुद्ध मात्र कुणी बोललं नाही. खाण बंद पडली तर इथे राहायचं कशासाठी, हा त्यांचा साधा हिशेब.

विरोध ऐकायचा तर सामी लोकांकडे जावं लागतं. हे रेनडियर पाळणारे, रेल्वे आणि स्वीडिश भाषा यायच्या आधीपासूनचे. जानेवारी २०२३मध्ये कंपनीने जाहीर केलं, की खाणीच्या उत्तरेला पेर गाइयर नावाच्या साठ्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची दहा लाख टनांहून जास्त ऑक्साइडं आहेत. विजेवरच्या मोटारी, पवनचक्क्या यांच्या चुंबकांना तीच लागतात, आणि युरोप ती जवळजवळ सगळी चीनकडून घेतो. ती सापडतात अ‍ॅपेटाइट खनिजात, म्हणजे एके काळी नको झालेल्या त्याच फॉस्फरसच्या सोबत. ब्रुसेल्समध्ये टाळ्या पडल्या. पण गाब्ना या सामी समूहाचे कळप हिवाळी चराईकडे जातात ती वाट, गाव आणि खाण यांनी आधीच चिंचोळी केलेली, नेमकी या साठ्यावरून जाते. घराची किंमत ठरवायला सूत्र आहे. कळपांना दुसरी वाट कुठून काढून देणार, हे मी कंपनीच्या माहिती केंद्रात विचारलं. उत्तर देणारी मुलगी सौजन्याने म्हणाली, की चर्चा चालू आहे, आणि मला पेलेटची छोटी बाटली भेट दिली.