प्राध्यापकाची एक जागा

परवा रात्री उशिरा जर्मनीहून फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, मेहकरकडची. बी.एस्सी.ला असताना लोणारच्या काठावर भर उन्हात दगड फोडत बसायची. आता प्रायोगिक ग्रहविज्ञानात काम करते. म्हणजे दुर्बिणीतून ग्रह बघणं नव्हे. ग्रहांवर जे घडलं ते प्रयोगशाळेत घडवून बघायचं. खडक वितळवायचा, प्रचंड दाबाखाली चिरडायचा, त्यावर गोळी झाडायची आणि काय उरतं ते तपासायचं.

"सर, इकडे एका विद्यापीठात याच विषयाच्या प्राध्यापकाची जागा निघालीय, अर्ज केलाय. आणि आपल्याकडचीही एक जाहिरात बघितली. आई म्हणते, ये आता. काय करू?"

मी म्हटलं, आधी तिकडची पद्धत सांग. तासभर बोलत होती. जाहिरातीतच विषय नेमका लिहिलेला. निवड समितीत विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी. उमेदवाराचं जाहीर व्याख्यान, कोणीही येऊन ऐकावं. मग बाहेरच्या विद्यापीठांतल्या जाणकारांची लेखी मतं, आणि शेवटी बहुधा तिघांची क्रमवार यादी. खरी गंमत त्यानंतर. पहिल्या नावाशी वाटाघाटी होतात त्या फक्त पगाराच्या नसतात. यंत्रं कोणती, सहायक किती, तंत्रज्ञ कोण, दाबयंत्राचं वजन पेलेल अशी फरशी कुठल्या खोलीत आहे! यात वर्ष सहज जातं.

तिथेही रामराज्य नाही हां. प्राध्यापक होईपर्यंत माणूस करारावरच लोंबकळतो. ही आठ वर्षं तशीच आहे. पण माणूस घेताना त्याची प्रयोगशाळाही घ्यायची असते, हे त्यांना कळतं.

आपली जाहिरात मीही बघितली. भूशास्त्र, सहायक प्राध्यापक, पद १. पुढे प्रवर्ग, वेतनश्रेणी, शुल्क. संपलं. प्रायोगिक माणूस हवाय की खाणकामाचा की भूजलाचा, कशाचा पत्ता नाही. प्राध्यापकपदाला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि १२० गुण लागतात. पण बंद पडलेली भट्टी या माणसाला चालू करता येते का, याला त्यात गुण नाहीत.

आणि ही एक जागा तरी कशी निघते? कोणीतरी निवृत्त होतं. मग आकृतिबंध, वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावलीची तपासणी, मग जाहिरात, मग कोणीतरी कोर्टात, मग पुन्हा जाहिरात. तोवर तासिका तत्त्वावर 'भागवून घ्या'. मी स्वतः सहा वर्षं असा भागवला गेलोय. मानधन चार-चार महिन्यांनी यायचं. कायम जागेसाठी माझी मुलाखत झाली ती नऊ मिनिटांची. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिला प्रश्न होता, "गाव कुठलं?" खडकाबद्दल कोणी अक्षर विचारलं नाही.

हे सगळं बोचतं कारण लोणार आपल्या दारात आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचा. म्हणून जगभरातले ग्रहवैज्ञानिक बुलढाण्याचा रस्ता विचारत येतात. १९७३ साली अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून हे विवर उल्कापाताचंच असल्याचे पुरावे मांडले. त्यातला एक होता मॅस्केलिनाइट. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज आघाताने, न वितळता, काचेसारखं होतं तो पदार्थ. त्याला साधारण तीन लाख वातावरणांइतका दाब लागतो. हा आकडा कुठून आला? कोणीतरी प्रयोगशाळेत खडकावर आघात करून मोजला म्हणून. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात यासाठी एक बंदूकच आहे, १९६० च्या दशकातली. रायफलच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने ती छर्रे सोडते. दगड आपला, आकडे त्यांचे.

बरं, हे फक्त आयआयटीवाल्यांचं काम, असंही नाही. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी चंद्रासारखी माती हवी होती. तमिळनाडूत नामक्कलजवळ सित्तमपुंडीला अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा खडक मिळतो, चंद्राच्या उंच भागांवरच्या खडकाशी जुळणारा. तो ओळखून माती तयार करण्यात सेलमच्या पेरियार विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाने इस्रोला मदत केली. साधं राज्य विद्यापीठ. २३ ऑगस्ट २०२३ ला आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, त्यात त्या विभागाचाही वाटा होता. 

मी जिथे शिकलो त्या विभागात एक भट्टी आहे. बेसॉल्ट साधारण १२०० अंशांना वितळतो. ही भट्टी त्याच्याही वर जायची. सर निवृत्त झाले, जागा रिकामी राहिली, देखभालीचा करार कोणी वाढवला नाही. गेल्या वर्षी गेलो तेव्हा तिच्यावर प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

हे मी तिला फोनवर सांगितलं. वाटलं, आता नाद सोडेल. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हीटिंग एलिमेंट गेले असतील सर, ते मिळतात. नियंत्रक चालू आहे का?"

मला माहीत नव्हतं.

अर्ज भर म्हटलं. शेवटची तारीख जवळ आलीय. ऑनलाइन भरून झाला की त्याच्याच छापील प्रती पोस्टाने पाठवायच्या आहेत, त्या मी इथून पाठवतो. दिवाळीत येतेय ती, तेव्हा भट्टी बघायची म्हणते. खोलीची चावी कोणाकडे असते ते विचारायला उद्या विभागात जाणार आहे. तिथल्या कोणाच्या वाचनात हे आलं, तर ते गठ्ठे तेवढे आधी हलवून ठेवा.